अ‍ॅक्शन पिक्चर सुचवा म्हणाल तर आधी 'हीरो' (२००२) बघा

निळीशाई:
कोणीही अ‍ॅक्शन पिक्चर सुचव म्हणालं की माझ्या तोंडून पहिलं हेच नाव निघतं. आपला १९८३ चा जॅकी श्रॉफचा नाही, झांग यिमोऊचा चिनी 'हीरो'. जेट ली, टोनी लियुंग, मॅगी चेउंग, झांग झियी, डॉनी येन एकाच पिक्चरमध्ये आणि कॅमेरा ख्रिस्तोफर डॉयलचा.

गोष्ट अशी, चीन एक व्हायच्या आधीचा काळ, छिनच्या राजाच्या जिवावर तीन मारेकरी उठलेत. एक निनावी शिलेदार दरबारात येऊन सांगतो की तिघांनाही मी संपवलं. बक्षीस म्हणून त्याला राजापासून दहा पावलांवर बसायला मिळतं. तो सगळं कसं घडलं ते सांगतो, राजा म्हणतो खोटं बोलतोयस, असं झालं असणार, आणि मग तिसऱ्यांदा खरं काय ते बाहेर येतं. दर वेळी माणसं तीच, रंग बदललेले. थापेत सगळं लाल, राजाच्या अंदाजात निळं, खऱ्यात पांढरं, जुन्या आठवणीत हिरवं. म्हणजे कोणी न सांगता तुम्हाला कळतं की आपण कोणाची गोष्ट ऐकतोय.

आणि तो पिवळ्या पानांचा सीन! लाल कपड्यातल्या दोघी, भोवती नुसती पानंच पानं, वारा सुटलाय, एकीच्या तलवारीने पानांचा भोवरा उठतो आणि दुसरी त्यातून आरपार येते. ती पानं इनर मंगोलियात गोळा करून हाताने निवडलेली, सगळ्यात चांगली नट्यांच्या चेहऱ्यासमोर उडवायला, त्याखालची मागे, उरलेली जमिनीवर. मग धाकटी मरते आणि अख्खं रान लाल होतं. मी हा सीन किती वेळा बघितला असेल याची गणतीच नाही, दर वेळी त्या लाल व्हायच्या क्षणाला मी श्वास धरून बसलेली असते.

तोरणा७७:
फोटोग्राफी सुंदर आहे, वाद नाही. पण अ‍ॅक्शन म्हणून नाही पटत. सगळे वायरवर तरंगतात, कोणाला वजनच नाही, तळ्यावरून पाय न भिजवता धावतात. मारामारी बघताना मला भीती वाटली पाहिजे की आता याला लागणार. जेट ली आणि डॉनी येन १९९२ च्या एका हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये समोरासमोर आलेत, त्यात ओल्या कापडाचा पीळ करून येन असा फटके मारतो की आपलं अंग आक्रसतं. तसलं इथे काही नाही, मला रंग दिसले, माणसं दिसली नाहीत.

निळीशाई:
तळ्याचं म्हणताय तर तो निळा भाग आहे, म्हणजे राजाच्या मनातला. प्रत्यक्षात तसं घडलेलंच नाही मग तरंगले तर बिघडलं कुठे? आणि याच दोघांची लढाई यातही आहे ती परत बघा. बुद्धिबळाचा वाडा, पाऊस पडतोय, पागोळ्या गळतायत, एक आंधळा म्हातारा तंतुवाद्य वाजवतोय. दोघं डोळे मिटून नुसते उभे! लढाई मनात चाललीय, काळ्यापांढऱ्यात. वाद्याची तार तुटते, डोळे उघडतात आणि मग खरी तलवार चालते. त्या तार तुटण्याला मला धस्स होतं, ती भीती नाही तर काय आहे.

वाचनखूण:
माझा आक्षेप वेगळाच आहे आणि मोठा आहे. पुढे शेवट सांगतेय, बघितला नसेल तर हे सोडून द्या.

शिलेदार दहा पावलांवर पोचतो आणि राजाला मारत नाही. का, तर या राजामुळे सगळा देश एक होईल, लढाया थांबतील. हाच तो छिन शी ह्वांग. इ.स.पू. २२१ मध्ये त्याने सगळी राज्यं गिळली आणि ८ वर्षांत पुस्तकं जाळायचा हुकूम काढला असं चिनी इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय. घराणं टिकलं १५ वर्षं. एवढे सुंदर रंग वापरून मला सांगणार काय, तर हुकूमशहाला जगू द्या, तो सगळ्यांच्या भल्यासाठी मारतो? मी माझ्या भाच्यांना हा पिक्चर नाही सुचवणार.

निळीशाई:
मला तो शेवट कौतुकाचा वाटत नाही. दरवाज्यावर बाणांचा सडा आणि मधे माणसाच्या आकाराची मोकळी जागा, ती फ्रेम आठवा. राजाच्या डोळ्यात पाणी आहे तरी दरबाऱ्यांच्या एका सुरातल्या मागणीपुढे तो हुकूम देतोच. ती मोकळी जागा मला आरोपासारखी दिसते.

वाचनखूण:
दिसत असेल, पण त्यानंतर पडद्यावर अक्षरं येतात ना, राजाने देश एक केला, भिंत बांधली म्हणून. शेवटचा शब्द त्यांचाच आहे.

सातासमुद्र:
मी थोडं चिनी शिकलोय म्हणून सांगतो. मारेकरी वाळूत जे दोन शब्द लिहितो ते 'तिएनशिया', आभाळाखालचं सगळं. २००४ ला अमेरिकेत लागला तेव्हा इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं 'आपली भूमी' केलं होतं. आभाळाखालचं सगळं यात शांततेचं स्वप्नही बसतं आणि जग गिळायची भूकही. 'आपली भूमी' म्हटलं की सरळ राष्ट्रवाद. त्यामुळे तुम्ही दोघी एकच पिक्चर बघून भांडताय असं धरून चालू नका.

वाचनखूण:
हे माहीत नव्हतं, थँक्स. पण राजाचा अजून एक प्रसंग घ्या. 'तलवार' हा शब्द लिहायच्या १९ तऱ्हा आहेत हे कळल्यावर तो म्हणतो, गैरसोयीचं आहे, बाकीच्या काढून टाकू आणि एकच ठेवू. किती सहज बोलून जातो! त्याच पिक्चरमध्ये अक्षरं शिकवणारी शाळा आहे, बाहेरून बाणांचा पाऊस येतोय, पोरं पळायला बघतात आणि म्हातारे गुरुजी परत आपल्या जागेवर बसून लिहायला घेतात. आमच्या घरी पणजोबांचे कागद मोडीत आहेत, कापडात बांधून माळ्यावर ठेवलेत, घरात एकालाही वाचता येत नाहीत. एकच लिपी सोयीची असते हे मलाही कळतं हो, पण त्या गुरुजींना बघून माझ्या पोटात कालवतं आणि पिक्चर मात्र शेवटी राजाच्या बाजूने जाऊन उभा राहतो.

निळीशाई:
१९ तऱ्हांचा प्रसंग मी इतक्या जणांना हा पिक्चर सुचवला पण कधी बोलले नाही, तो माझ्या नजरेतूनच निसटत होता. यापुढे सुचवताना पानांच्या सीनबरोबर तोही सांगेन. सुचवणार मात्र नक्की, भाच्यांनाही दाखवा असंच म्हणेन आणि शाळेच्या सीननंतर थांबवून तुमच्या माळ्यावरच्या कागदांचं सांगा.

तोरणा७७:
ठीक आहे, पावसाचा सीन परत बघतो. मोबाईलवर चालेल का?

निळीशाई:
नाही हो, मोबाईलवर नका बघू! टीव्हीवर, खोलीत अंधार करून, मूळ चिनी आवाजात. आणि टीव्हीचा व्हिव्हिड मोड बंद करा, नाहीतर लाल भडक होऊन पानांच्या सीनमधल्या चेहऱ्यांचा सगळा बारकावा जातो.