फुकट नव्हे, मुक्त: 1999 सालची फाईल आणि एक मेलेलं डोंगल

खिळेजुळवे (धागाकर्ता)

सांगलीत डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं जुळवायचा, धंदा करतो, 31 वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या वडिलांचा कथासंग्रह 1999 साली मीच जुळवला होता. 500 प्रती छापल्या, त्या केव्हाच संपल्या. आता दुसरी आवृत्ती काढायची म्हणाल्या. मी ऐटीत म्हणालो, "ताई, फाईल आहे माझ्याकडे." होतीच. सीडीवर, वर मार्करने नाव लिहिलेलं.

फाईल पेजमेकरची, म्हणजे पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमची. जुन्या मशीनवर तो कसाबसा चालवला, तर पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा. जुने लोक लगेच ओळखतील: युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) आधीचा फाँट. त्यात 'क' हा 'क' नसतोच, कुठल्यातरी रोमन चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की चित्र गेलं, मागे कचरा. आणि हा फाँट ज्या पॅकेजचा, ते चालायचं डोंगलवर. प्रिंटरच्या पोर्टात मागून खोचायचं, आम्ही त्याला कुलूपच म्हणायचो. माझं कुलूप मरून जमाना झाला. रोख पैसे मोजून, पावती घेऊन घेतलेलं, बरं का. कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या, जुन्या फाईली "बहुतेक" उघडतील म्हणाले.

म्हणजे पुस्तक लेखकाचं, टायपिंग माझं, आणि किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात.

वाट पुतण्याने काढली. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक परिवर्तक कुणीतरी लिहून मुक्त परवान्याखाली ठेवलाय, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, बदलावा, वाटावा. 180 पानं दोन मिनिटांत बाहेर. वाचायला घेतलं तर पहिल्याच कथेत "गावाभोवती खोल दर्या पसरल्या होत्या". शिराळ्याच्या डोंगरातल्या गावाला दर्या? दोन पानांनी "आचार्यांनी पंगतीत मठ्ठा वाढला". परिवर्तकाने ऱ्य मधला र सरसकट रफार समजून वर चढवला होता. दऱ्यांचा समुद्र झाला, आचाऱ्याचा शंकराचार्य!

पुतण्याने कोड उघडला. आत एक लांबलचक यादी: डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे युनिकोडचं अक्षर. त्यातली एक ओळ बदलली. माझा चहा निवायच्या आत दऱ्या जागेवर आल्या. ती दुरुस्ती त्याने मूळ लेखकाला पाठवली, त्यानेही घेतली.

सांगायचं ते एवढंच. मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की लोक फुकटाचं बोलतात. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द, म्हणून तिकडे घोळ आहे. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे वेगळे शब्द आहेत, तरी आपण घोळ करतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्यामागचं एक कारण प्रिंटरच होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना निरोप जाईल अशी सोय त्याने जुन्या प्रिंटरला केली होती. नवा लेझर प्रिंटर आला तो कोडाशिवाय, त्यामुळे ती सोय करता येईना. पैशाचा प्रश्न तिथेही नव्हता. आपल्याला येतंय, आणि करू देत नाहीत, ही चीड होती.

मी आता ठरवलंय. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, मांडणी स्क्रायबसमध्ये, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, फाँट मुक्त परवान्याचे. हाणा आता.

शाईवाले_कोल्हापूर

खिळेजुळवे, गोष्ट झकास. पण गोष्टीवर ऑफसेट फिरत नाही.

गेल्या दिवाळीत एक हौशी संपादक असंच मुक्त सॉफ्टवेअरमधून अंक करून घेऊन आला. फाईल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, छपाईच्या चार रंगांत नाही. आतला काळा मजकूर चारही प्लेटांवर फुटला. 9 पॉइंटचं अक्षर, रजिस्टर (प्लेटांची एकमेकींशी जुळणी) केसभर हललं की प्रत्येक वेलांटीला लाल-निळी झालर. 16 पानांचा फर्मा रद्दीत गेला. त्याला म्हटलं, काळा म्हणजे फक्त काळ्याची प्लेट, तर म्हणे प्रोग्रॅममध्ये तसं बटणच नाही.

शिवाय रात्री 11 ला काम अडलं तर कोरलचा (आमचं विकतचं मांडणीचं सॉफ्टवेअर) ऑपरेटर गल्लीत सापडतो. स्क्रायबसवाला कुठून आणू? तुमचा पुतण्या उठेल का?

टिंबटिंब

शाईवाले, कोरलची पावती आहे का?

शाईवाले_कोल्हापूर

आहे. एका मशीनची.

टिंबटिंब

आणि बाकीच्या चार मशीनची? :)

चेष्टा सोडा, पण खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरचा मुकाबला विकतच्या सॉफ्टवेअरशी नाहीच, तो चोरीच्या कॉपीशी आहे. "लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) फुकट आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो, विंडोजही फुकटच आहे, दुकानदारानेच टाकून दिलं. म्हणून खिळेजुळवे किमतीवर बोलले नाहीत ते बरं केलं. पण मग एक सांगा, ज्याने पैसेच दिले नाहीत त्याला स्वातंत्र्याची काय पडलीय?

हिशेबनीस

मी लेखा व्यवसायात आहे, माझी बाजू रोकडी आहे.

टॅली विंडोजवर चालतं, लिनक्सची आवृत्ती नाही. जीएसटीआर-9 चं, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राचं, ऑफलाईन टूल म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल फाईल. लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा, बटणं दिसतात, दाबली की ढिम्म. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर हा आणखी वेगळा वनवास. 31 डिसेंबरच्या रात्री अशिलाला मी "मुक्ती" समजावत बसू का? तुमचं पुस्तक महिनाभर थांबलं. माझं विवरणपत्र थांबलं तर दिवसागणिक विलंबशुल्क लागतं.

आणि खिळेजुळवे, तुमच्या घरात कोड वाचणारा पुतण्या आहे. माझ्याकडे नाही. कोड उघडा असून मला काय उपयोग?

गुरुजी_झेडपी

हिशेबनीस ताई, गावात विहीर सार्वजनिक असते म्हणजे प्रत्येकाला ती खणता यावी असं थोडंच आहे? गाळ काढणारा कुणालाही बोलावता येतो, परवानगी लागत नाही, एवढं पुष्कळ झालं.

माझ्या शाळेत देणगीतून आलेले 9 संगणक आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला, 11 या मशीनवर चढत नाही. कुणी सांगितलं भंगारात काढा. मी सुट्टीत सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं. दोन बंद पडले ते पॉवर सप्लायमुळे, बाकी सात पळतात. पोरं टक्स पेंटवर चित्रं काढतात, लिब्रेऑफिसमध्ये हजेरीपट करतात, मेनू चक्क मराठीत. मला स्वतःला काही येत नव्हतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, त्यावर शिकलो. केरळात सरकारी शाळा जवळपास वीस वर्षं लिनक्सवर आहेत, तिथल्या पोरांचं काही अडलेलं दिसत नाही.

अडचण एकच. पालक विचारतात, एक्सेल कधी शिकवणार? मी म्हणतो, तक्ता तोच, बेरीज तीच. पटत नाही. नोकरीच्या जाहिरातीत एमएस-सीआयटी लिहिलेलं असतं, त्यांचंही चुकत नाही.

बिनतारी

पुण्यात सर्व्हर सांभाळतो, पोटापाण्याला लिनक्सच आहे. तरी या धाग्यात जरा जास्तच गोडवा चाललाय.

"कोड उघडा आहे म्हणजे सगळे तपासतात" हे मिथक आहे. 2014 मध्ये ओपनएसएसएलमधलं (वेबसाईटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारी लायब्ररी) हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा कळलं, निम्मं इंटरनेट ज्यावर उभं, तो प्रकल्प मूठभर माणसं नाममात्र देणग्यांवर ओढत होती. 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरजे, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं तसंच भोक. आणि 2024 चं एक्सझेड तर ऐकण्यासारखं आहे. फाईली आवळायची ही छोटी लायब्ररी, सांभाळणारा एकटा थकलेला माणूस. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी आलं, दोनेक वर्षं गोड बोलून मदत केली, भरवसा मिळवला आणि मागचं दार बसवलं. तेही उघड्या कोडात नाही, चाचणीच्या फाईलींत लपवून.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. तो खणत गेला. आता दोन्ही बाजू हीच गोष्ट आपली म्हणून सांगतात. एक म्हणतो, बघा, कुणीही घुसतो. दुसरा म्हणतो, बघा, बाहेरच्या माणसाला खणता आलं. माझं मत दोन्हीकडे अर्धं अर्धं. मला भीती त्या थकलेल्या माणसाची वाटते. अब्जावधींच्या कंपन्या त्याच्या जिवावर, आणि त्याला चहा पाजायला कुणी नाही. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधा कंपनीने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी काढला, चांगलं केलं. पण बाकीचे?

गुरुजी, सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला सगळे शेजाऱ्याकडेच बघतात, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

इसारकाठची

मूळची कोल्हापूरची, आता म्युनिकमध्ये. मोठ्या गप्पांना उतारा म्हणून आमच्या गावाची कथा.

म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. दहा वर्षं घालवून 15,000 च्या आसपास संगणक हलवले. जगभर कौतुक. नवे महापौर आले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 2017 मध्ये परत विंडोजचा ठराव झाला. विरोधक हे उदाहरण देतात आणि थांबतात. मी तक्रारी करणाऱ्यांशी बोलले आहे. निम्म्या तक्रारी लिनक्सच्या नव्हत्याच. खात्यांचे वीस प्रकारचे आयटी विभाग, बाहेरून येणाऱ्या वर्ड फाईली, कुणाचा कुणाला मेळ नाही. शाईवाल्यांचा रात्री 11 चा ऑपरेटर, तोच प्रश्न.

आणि आता उत्तरेकडे श्लेसविग-होल्श्टाइन राज्याने 2024 मध्ये 30,000 संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलंय. तिथे चर्चा पैशाची कमी आणि 'आमच्या कारभाराची किल्ली परदेशी कंपनीकडे का' याची जास्त. धागाकर्त्याचं कुलूपच ते, फक्त मोठं.

खिळेजुळवे

सगळ्यांचं वाचलं. एकेकाला घेतो.

शाईवाले: तो संपादक इंकस्केपमधून, म्हणजे चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून, आला असणार. इंकस्केप सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) लंगडं आहे, कबूल. पण स्क्रायबसमध्ये सीएमवायके आहे, नुसत्या काळ्याची प्लेट निघते. 2017 च्या 1.5.3 आवृत्तीपासून जोडाक्षरंही नीट जुळतात, त्याआधी मीच तोंड फिरवलं होतं. जुळवण्यामागे हार्फबझ नावाचं इंजिन आहे, तेच तुमच्या अँड्रॉइड मोबाईलवर ही पोस्ट दाखवतंय. म्हणजे 'मी असलं वापरत नाही' असं म्हणायची सोय तुम्हालाही नाही. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली आणि फाँटात सोय असली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल बघून ज्याचं पित्त खवळतं त्याला विचारा याची किंमत. कव्हर कोरलमध्ये करू, तुमच्याकडेच. माझा हट्ट मजकुरापुरता आहे.

हिशेबनीस ताई: तुमचं पटलं. टॅली सोडा असं मी म्हणणारच नाही. पण मला सांगा, सरकारी विवरणपत्र भरायला एका खासगी कंपनीचं एक्सेल लागावं, हा दोष मुक्त सॉफ्टवेअरचा का? ओपन डॉक्युमेंट 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. केंद्राने 2015 मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरणही काढलंय. कागदावर.

बिनतारी: तुमच्या पोस्टनंतर पुतण्याला विचारलं, त्या परिवर्तकाच्या माणसाला पैसे पाठवायची काही सोय आहे का. नाही. मग पत्र लिहिलं, पुस्तक निघाल्यावर दोन प्रती पाठवतो, पत्ता द्या.

हिशेबनीस

दोष कुणाचा ते ठरेपर्यंत विलंबशुल्क मीच भरणार, एवढं लक्षात ठेवा.

टिंबटिंब

धागाकर्त्याने माझ्या प्रश्नाला बगल दिली.

खिळेजुळवे

दिली नाही, लाजलो. 2001 ते 2008 मी स्वतः चोरीचाच फोटोशॉप वापरला. स्वातंत्र्याची पडली ती पावती असूनही कुलूप लागलं तेव्हा.

शाईवाले_कोल्हापूर

एक विचारू का, खासगीत विचारणार होतो पण असू दे. माझ्याकडे 2002 पासूनच्या कुलदैवतांच्या आरत्यांच्या पुस्तिकांच्या फाईली आहेत, दरवर्षी जत्रेला मागणी असते. तशाच टोप्यावाल्या. आम्ही दरवेळी नव्याने टाईप करून घेतो. पुतण्या कधी मोकळा असतो?

खिळेजुळवे

रविवारी. फाँटाचं नाव आणि एक पान आधी पाठवा. आणि प्रूफ तुम्ही स्वतः वाचा, मशीनवर सोडू नका.

आजच शेवटचं प्रूफ वाचत होतो. वेंगुर्ल्याची कथा आहे, नवरा मचवा घेऊन जातो तो परत येत नाही. त्यात पान 143 वर "मचवा दऱ्यात शिरला". पुतण्याला फोन करून झापला, तुझ्या दुरुस्तीने दर्याची दरी केली म्हणून. त्याने मूळ फाईल तपासली. 1999 पासून तसंच आहे. मीच टाईप केलंय.