घरात सायकलिंगसाठी ट्रेनर आणि सेन्सर सुचवा (नागपूर, बजेट २५ हजार)

मनीषनगर_पेडल: मे महिन्यात सकाळी सातलाच ऊन चटके देते, म्हणून घरातच ट्रेनर (सायकल जागेवर ठेवून पेडल मारायचा स्टँड) लावायचा आहे. हायब्रीड सायकल, मागे आठ गिअर, क्विक रिलीज (खटका उघडून सुटणारं चाक). बजेट २५ हजार, सेन्सर धरून. दुसरा मजला आहे, खाली आजीबाई राहतात, आवाज कमी हवा.

फुटाळा_फेरी: डायरेक्ट ड्राइव्हच घ्या. माझ्याकडे किकर कोअर हा तसाच ट्रेनर आहे. मागचं चाक काढायचं, सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चक्रांवर) चढवायची. टायर झिजत नाही, आवाज नावाला. थोडं बजेट वाढवा फक्त.

ऑरेंज_रायडर: थोडं म्हणजे किती, ते पण सांगा ना भाऊ! त्यांनी २५ लिहिलंय. शिवाय कॅसेट आठ गिअरचीच लागेल, ती बरेचदा सोबत येत नाही. माझा व्हील-ऑन (चाक न काढता मागचा टायर रोलरवर टेकतो तो) मस्त चालून राहिला. गुळगुळीत टायर टाका, खाली जाड रबरी मॅट. खडबडीत टायर असला तर आजीबाई वर येतीलच.

रामटेक_चढ: काहून घरात बसता? अमित समर्थ आपल्याच नागपूरचे, २०१७ मध्ये रॅम (रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, अमेरिकेच्या आरपार सायकल शर्यत) एकट्याने पूर्ण केली. पहाटे पाचला सेमिनरी हिल्सवर या, आम्ही सगळे असतो.

ऑरेंज_रायडर: ज्याच्या घरी लहान लेकरं आहेत त्याला पहाटे पाच जमत नाही. विषय ट्रेनरचा आहे.

धंतोली_वॅट: सेन्सरबद्दल कोणीच बोललं नाही. स्पीड सेन्सर मागच्या चाकाच्या हबवर लावा, पुढचं चाक ट्रेनरवर फिरतच नाही. केडन्सचा (मिनिटाला पेडलचे फेरे मोजणारा) डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर. ब्लूटूथवर बरीच उपकरणं एका वेळी एकाशीच जोडली जातात. फोनमधलं अ‍ॅप उघडं राहिलं तर लॅपटॉपला ट्रेनर दिसणार नाही. अँट प्लस या दुसऱ्या वायरलेस जोडणीला ती अडचण नाही, पण तेही वायफायसारखंच २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. सिग्नल तुटला तर डाँगल (लॅपटॉपला लावायचा रिसीव्हर) यूएसबी एक्स्टेन्शनने ट्रेनरजवळ आणा. व्हील-ऑन असेल तर आधी टायरमध्ये हवा नेहमीइतकी भरा, दहा मिनिटं चालवून गरम करा, मगच कॅलिब्रेट करा (मापन जुळवून घ्या). नाहीतर वॅटचे (पेडलवरच्या ताकदीचे) आकडे खोटे.

अंबाझरी_सकाळ: डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. आणि कूलर समोर लावा.

धंतोली_वॅट: खोली बंद असेल तर कूलरने दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही. समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात पंप बंद, नुसता पंखा.

अंबाझरी_सकाळ: आमच्याकडे बंद खोलीतच चालतो. काही होत नाही.

फुटाळा_फेरी: परत सांगतो, व्हील-ऑन घेऊन वर्षभरात विकाल. एर्ग मोडची (ठरवलेले वॅट ट्रेनरच टिकवून धरतो) मजा डायरेक्ट ड्राइव्हवरच.

मनीषनगर_पेडल: सगळ्यांचे आभार. स्मार्ट (अ‍ॅपवरून जोर कमीजास्त करणारा) ट्रेनर घेत नाहीये. साधा व्हील-ऑन ट्रेनर ठरवला, सोबत स्पीड आणि केडन्स सेन्सर. झ्विफ्ट (घरातल्या सायकलिंगचं अ‍ॅप) वेगावरून वॅटचा अंदाज लावतं, मला तेवढं पुरे. मॅट आणि गुळगुळीत टायर घेतोय. उरलेल्या पैशात मोठा पंखा. @धंतोली_वॅट, आठ गिअरच्या सायकलला ट्रेनरसोबत येणारा स्टीलचा स्क्यूअर (मागच्या चाकातून आरपार जाणारा दांडा) बसतो ना?

धंतोली_वॅट: गिअरचा संबंध नाही, क्विक रिलीज आहे ना, बसतो. जुना काढून ठेवा, रस्त्यावर जाताना तोच लावा.

फुटाळा_फेरी: पंख्याचे पैसे घालून डायरेक्ट ड्राइव्ह आला असता.