मिल स्केलची भुकटी मायक्रोवेव्ह शोषतच नाहीये

ऐरोली_एमएस्सी:
नमस्कार मंडळी. मी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा तळोजा एमआयडीसीत रोलिंग मिलवर आहेत. तापलेली सळई रोलमधून जाताना जी काळी खपली सुटते ना, ते मिल स्केल. ढिगाने पडलेलं असतं. बाबांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून दोन किलो आणून दिलं आणि मी त्याच्यापासून मायक्रोवेव्ह शोषणारी चकती बनवायचा प्रोजेक्ट घेतला.

तेल धुऊन काढलं, बॉल मिलमध्ये वीस तास दळलं, मग 'शुद्ध' करायला ६०० अंशांवर उघड्या भट्टीत चार तास भाजलं. मेणात मिसळून ३ मिमीची चकती केली. मागे धातू ठेवून ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झमध्ये मोजलं, तर परावर्तनात घट जेमतेम ४ डेसिबल! पेपरांत लोक २०-३० दाखवतात. सबमिशन महिन्यावर आलंय. चुकलं कुठे?

वागळे_इस्टेट_काका:
भट्टीतून काढल्यावर रंग कसा होता?

ऐरोली_एमएस्सी:
विटकरी लाल, काका. मला वाटलं स्वच्छ झालं.

वागळे_इस्टेट_काका:
अगं, तू गेरू केलास! वारली चित्रांसाठी कुडाच्या भिंतीला लावतात तो गेरू म्हणजे हेमाटाइटच, लोखंडाचा लाल ऑक्साइड. मिल स्केलमध्ये वुस्टाइट आणि मॅग्नेटाइट हे लोखंडाचे काळे ऑक्साइड जास्त असतात, हेमाटाइटचा फक्त वरचा पातळ थर. हवेत भाजलं की सगळं हेमाटाइट होतं. मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ग्रॅममागे ९० ईएमयूच्या (चुंबकत्वाचं एकक) आसपास, हेमाटाइटचं एकसुद्धा नाही. शिवाय मॅग्नेटाइटमध्ये द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी लोहात इलेक्ट्रॉन उड्या मारत असतात, त्यातही लहरीची ऊर्जा खर्च होते. तीही वाट तू बंद केलीस.

न भाजलेली भुकटी कागदावर पसर आणि खालून चुंबक फिरव. लाल भुकटीलाही तेच कर. पुढच्या वेळी भाजायचंच असेल तर नायट्रोजनमध्ये भाज. आणि दळलेलं उघडताना मास्क लाव, हा चुरा छातीत जाता कामा नये.

खारघरचा_आरएफवाला:
काकांचं बरोबर आहे, पण जाडीही बघ. चकती तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी जाड असली की पुढून आणि मागच्या धातूवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि परावर्तनात खड्डा पडतो. समजा, मिश्रणाचा एप्सिलॉन (विद्युत क्षेत्राला प्रतिसाद) ४ आणि म्यू (चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद) १ च्या आसपास आला. १० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३० मिमी, मिश्रणात ती निम्मी, त्याचा चौथा भाग ३.७५ मिमी. तुझ्या ३ मिमीला तो खड्डा १२.५ गिगाहर्ट्झला जाईल, म्हणजे तू मोजलेल्या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर. आधी एप्सिलॉन-म्यू काढ, मग जाडी ठरव.

मॅग्नेटाइटचा म्यू या पट्ट्यात तसाही एकाजवळ उतरलेला असतो, म्हणजे चुंबकत्वाची मदत थोडीच मिळते. म्हणून थोडा कार्बन घालून बघ. आणि ४ डेसिबल म्हणजे अगदीच काही नाही असं समजू नकोस. साठ टक्के शक्ती परत आलेली नाही. १० डेसिबलला नव्वद टक्के, २० ला नव्व्याण्णव.

ऐरोली_एमएस्सी:
आत्ताच चुंबक फिरवून पाहिला. काळी भुकटी कागदावर ताठ उभी राहते, काट्यांसारखी. लाल जागची हलत नाही. न भाजलेला अर्धा डबा शिल्लक आहे. ३.७५ आणि ४ मिमीच्या चकत्या गुरुवारी मोजते आणि आकडे इथेच टाकते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आणखी एक डबा भरून आणतो.