सिमेंटने दरजा भरल्यापासून विटांचे पापुद्रे सुटताहेत, काय करावं?

बल्कांव_फोंडा:
घर चिऱ्याचं, पण दर्शनी भाग आणि बल्कांवाच्या (गोव्यातल्या घरांच्या पुढच्या बैठकीच्या ओसरीच्या) कमानी उघड्या लाल विटेच्या. विलायती धाटणीच्या, एक थर विटांच्या लांब बाजूंचा, एक थर आखूड बाजूंचा. मूळ मालक कौलांचे कारखानदार. घरचे सांगतात घर 1850 चं. चार वर्षांपूर्वी दरजा (विटांमधले सांधे) उकरून सिमेंटने भरल्या. आता जमिनीपासून कमरेपर्यंत विटांची तोंडं पोळीच्या पापुद्र्यासारखी निघतात, वर पांढरा लोणा (क्षारांची बुरशीसारखी पूड). सिलिकॉनचं पाणीरोधक मारू का?

चुनाघाणी:
मारू नका. पाणी आत येतंच, फक्त बाहेर पडायची वाट बंद होईल आणि लोणा त्या थराच्या मागेच साचेल.

कारण साधं आहे. जुनी वीट बाहेरून कडक, आतून मऊ. चुन्याची दरज विटेहून मऊ, म्हणून भिंतीतलं पाणी दरजेतून सुकायचं आणि खराब व्हायची ती दरज. सिमेंट विटेहून कठीण आणि घट्ट, मग पाणी विटेच्या तोंडातून निघतं. ते सुकलं की क्षार विटेच्या कातडीमागे दाणे धरतात आणि पापुद्रा ढकलतात. व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडच्या घरांवरही सिमेंटचा असाच परिणाम दिसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या पावसाने तो लवकर दिसतो, एवढंच.

आधी पन्हळ आणि जमीन बघा. अंगणात काँक्रीट ओतून पातळी वर आणली असेल, तर भिंतीलगत ती फोडून बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान 150 मिमी खाली न्या. हे न करता दरजा भरल्या तर पैसे वाया.

मग दरज उकरा. छिन्नी आणि लहान हातोडी घ्या, ग्राइंडर नको. त्याचं पातं विटेची कड खातं. 10 मिमीच्या दरजेला खोली 25 मिमी. सिमेंट विटेला इतकं चिकटलं असेल की निघताना कडही निघते, तर तिथे सोडून द्या. पाऊस-उन्हाने ते ढिलं पडेल, मग काढा.

मिश्रण 1 भाग भिजवलेल्या चुन्याचा लगदा, 1 भाग सुरखी (विटेची भुकटी), 2 भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू मुळीच नको, आयता लोणा. कळीचा (भट्टीतून आलेला कोरडा) चुना विरवताना पाण्यात चुना टाका, चुन्यात पाणी नाही. उसळतो, डोळ्यावर चष्मा लावा. लगदा निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. सुरखी नीट भाजलेल्या नव्हे, किंचित कच्च्या भाजलेल्या विटेची. एका चौरस मीटरला 4 लिटर लागतं, सांडलवंडीसह 5 धरा.

भरण्याआधी दरज ओली करा, पाणी वाहता कामा नये. दोन थरांत दाबून भरा. नंतर सात दिवस ओलं गोणपाट. काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. मे महिन्यात सुरू केलंत तर पहिल्या सरीत धुऊन जाईल.

कौलारू_म्हापसा:
एक भर. ज्या विटा फुटल्यात त्या टाकू नका. सावकाश काढून उलटी लावा, मागचं तोंड बहुधा धडधाकट असतं.

1850 या सालाची खात्री करायची तर छपराची दोन-चार कौलं उलटून बघा, कारखान्याचा शिक्का खाली असतो. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा मंगळुरूच्या जेप्पूतला कारखाना 1865 चा. शिक्का त्यांचाच असेल तर कौलं त्यानंतरचीच. मात्र कौलं बदलली जातात, म्हणून एकट्या शिक्क्यावर घराचं वय ठरवू नका. खुद्द मालक कौलांचे कारखानदार होते तर शिक्का त्यांचाही निघेल! आणि काम धरण्याआधी घर संवर्धन क्षेत्रात येतं का, ते नगर नियोजन खात्यात विचारून घ्या.

बल्कांव_फोंडा:
पन्हळ दोन ठिकाणी गळते, हे खरं. अंगणाचं काँक्रीटही उंबरठ्याच्या बरोबरीला आहे. नव्या दरजेचा रंग जुन्याशी कसा जुळवायचा?

चुनाघाणी:
कमानीच्या आतल्या बाजूची, पाऊस न लागणारी जुनी दरज शोधा. वाळू आणि सुरखी कमी-जास्त करून चार वड्या थापा, पंधरा दिवस सावलीत सुकू द्या, मग त्या दरजेशेजारी धरून बघा. ओल्या मिश्रणाचा रंग बघून ठरवू नका, सुकल्यावर तो बराच फिका होतो.