टेकमधल्या लॅटिना : आधी राजीनामा की आधी तक्रार?

रानजाई
कॅलिफोर्नियातल्या टेक कंपन्यांत लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बायकांना जो जाच होतो त्यावर "दुसरीकडे बघ, डोक्याला ताप कशाला" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो.

जाच आरडाओरडा करून होत नाही. मीटिंगचे मिनिट्स तिनेच लिहायचे, मेक्सिकोच्या ग्राहकासाठी स्पॅनिश भाषांतर तिनेच करायचं, आणि वर्षाच्या कामाच्या रिव्ह्यूत यातलं काहीच धरायचं नाही. वर शेरा, 'टोन आक्रमक', 'बोलणं सुधारावं'. तो शेरा उच्चारावरून असेल तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली भेदभाव ठरू शकतो. उच्चारामुळे काम खरोखर अडतं हे कंपनीला दाखवावं लागतं. जेवणाच्या सुट्टीतही स्पॅनिश बोलू नका, असा नियम तर कॅलिफोर्नियात बेकायदाच आहे.

म्हणून आधी नोंदी. स्वतःच्या वहीत, त्याच दिवशी : तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द. 'मला वाईट वागवलं' ही नोंद कुचकामी. '१० वाजताच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) अमुक चार जणांसमोर म्हणाला, तुझं इंग्रजी ग्राहकाला कळणार नाही' ही नोंद कामाची. ऑफिसच्या ईमेल आपल्या जीमेलवर पाठवू नयेत, गोपनीयतेचा करार मोडला म्हणून प्रकरण तिच्यावरच उलटतं. गुपचूप रेकॉर्डिंग तर अजिबात नको. कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. लेखी मागणी केली की कंपनीला तिची पर्सोनेल फाइल (नोकरीची फाइल) ३० दिवसांत आणि पगाराच्या नोंदी २१ दिवसांत द्याव्या लागतात.

तक्रारीची मुदत राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे ३ वर्षं, केंद्राच्या ईईओसीकडे (समान रोजगार संधी आयोगाकडे) ३०० दिवस. एचआरशी बोलणी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. चांगल्या चांगल्या केसेस इथेच बुडतात.

कातळ
कायदा बरोबर सांगितलात, सल्ला पटला नाही. ईईओसीकडच्या तक्रारींत गेली कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर काय आहे? सूड. तोंड उघडल्यावर काय होतं, ते यातच आलं.

शिवाय अनेक ऑफर लेटरमध्ये सक्तीच्या लवादाचं कलम असतं. २०२२च्या केंद्रीय कायद्याने लैंगिक छळाची प्रकरणं त्यातून बाहेर काढली, पण निव्वळ वंशावरून किंवा उच्चारावरून झालेला भेदभाव लवादातच अडकतो. कॅलिफोर्नियाने ही सक्ती मोडणारा कायदा केला होता, तो २०२३ मध्ये फेडरल अपील कोर्टात टिकला नाही. बंद दाराआड, ज्युरीशिवाय निकाल. त्यासाठी माणसाने आयुष्यातली दोन-तीन वर्षं घालवायची?

पीआयपी, म्हणजे 'अमुक दिवसांत काम सुधारा' असा कंपनीचा लेखी कार्यक्रम, हातात पडला, ३० दिवसांचा असो वा ९०, आणि त्यात मोजता येईल असं एकही उद्दिष्ट नसेल, तर निर्णय बहुधा झालेला असतो. त्या दिवसांत मुलाखती द्याव्यात. शेअर्सची पुढची व्हेस्टिंग तारीख, म्हणजे पुढचा हप्ता आपल्या नावावर होण्याची तारीख, बघून बाहेर पडावं. स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) असतील तर नोकरी सुटल्यावर साधारण ९० दिवसांतच पैसे भरून ते घ्यावे लागतात, त्याची तजवीज आधी करावी. सेव्हरन्सच्या (नोकरी सोडताना कंपनी देते त्या पैशांच्या) कागदावर तिथल्या तिथे सही करू नये : वकिलाला विचारायला किमान ५ कामाचे दिवस मिळतात, चाळिशी ओलांडली असेल तर २१ दिवस, आणि सहीनंतर ती मागे घ्यायला आणखी ७. पैसे घ्यावेत आणि मोकळं व्हावं.

रानजाई
@कातळ, तो सेव्हरन्सचा आकडा वाढतो कशामुळे? तारखांसकट नोंदी आणि लेखी तक्रार समोर असली की. रिकाम्या हाताने गेलेलीला कंपनी ठरलेलाच आकडा देते.

सुडावरही उपाय आहे. १ जानेवारी २०२४ पासून, समान पगाराबद्दल तक्रार केल्यावर ९० दिवसांच्या आत कारवाई झाली तर ती सुडानेच झाली असं गृहीत धरतात, उलटं सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. म्हणून पगाराचा मुद्दा असेल तर तो तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहावा, 'अन्याय होतो' एवढ्यावर सोडू नये. आणि पैसे घेऊन गप्प बसण्याची अटही आता पूर्वीसारखी राहिली नाही. पिंटरेस्टमधून बाहेर पडलेल्या इफेओमा ओझोमा यांनी ज्यासाठी झुंज दिली तो कायदा २०२२ पासून लागू आहे : रक्कम गुप्त ठेवता येते, भेदभावाची हकीकत नाही.

पाणपोई
तुम्ही दोघंही तहान लागल्यावर विहीर खणताय. खरं नुकसान रुजू होतानाच होतं. चार वर्षांचा अनुभव असलेलीला एक लेव्हल, म्हणजे पदाची एक पायरी, खाली घेतात. समजा तिला १,४०,००० डॉलर आणि शेजारच्याला १,६५,०००. दोघांना ४ टक्के वाढ दिली तरी तिला ५,६०० आणि त्याला ६,६०० मिळतात. बोनस टक्क्यांतच, शेअर्स लेव्हलप्रमाणे. दरवर्षी दरी रुंदावते आणि कागदावर सगळं 'समान' दिसतं.

म्हणून ऑफरच्या वेळी आकड्याआधी लेव्हलवर भांडावं. पंधरा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०२३ पासून जाहिरातीत पगाराची रेंज द्यावी लागते, आणि आधीच नोकरीत असलेलीही आपल्या पदाची रेंज मागू शकते. मागचा पगार विचारायला कंपनीला बंदी आहे. टीममध्ये पगार एकमेकींना सांगावेत; १९३५च्या कामगार कायद्याचं सातवं कलम ते संरक्षण देतं. त्यातून सुपरवायझर वगळले आहेत, पण राज्याच्या कायद्यात पगार सांगायला त्यांनाही मनाई करता येत नाही. 'लॅटिनाज इन टेक' किंवा १९७४ पासूनची एसएचपीई (हिस्पॅनिक इंजिनिअर्सची संघटना) यांसारख्या संस्थांतून लेव्हलची खरी माहिती मिळते. भाषांतर आणि कंपनीतल्या लॅटिनो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपचं फुकट काम एक तर वर्षाच्या उद्दिष्टांत तासांसकट लिहून घ्यावं, नाहीतर नाही म्हणावं.

अटकेपार
वारं बदललंय हे कुणी लक्षातच घेत नाही. २०२५ मध्ये मेटाने डीईआय (विविधता, समता, समावेश) कार्यक्रम गुंडाळले, गूगलने भरतीची उद्दिष्टं सोडली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एम्स खटल्यात सांगितलं की भेदभावाची तक्रार करणाऱ्या बहुसंख्य गटातल्या माणसालाही पुराव्याचा तोच निकष. 'लॅटिना' म्हणून वेगळं मागण्यापेक्षा कामावर बोलावं. आणि व्हिसावर असलेलीची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस; तिला वही लिहायला सांगणं सोपं आहे.

रानजाई
वेगळं काहीच मागितलेलं नाही. कार्यक्रम बंद झाले, भेदभावबंदीचा कायदा शाबूत आहे. एम्सने सगळ्यांना एकच निकष लावला, तिचा निकष कडक केला नाही. उलट २०२४च्या मल्ड्रो निकालाने बदलीसारख्या कारवाईत 'मोठं नुकसान' दाखवायची गरजच काढून टाकली. चांगल्या प्रोजेक्टवरून हलवलेलीला याचा उपयोग होतो. ६० दिवसांचा मुद्दा टीएन (मेक्सिको-कॅनडाच्या व्यावसायिकांचा) किंवा एच-१बी व्हिसावर असलेलीला खरंच लागू आहे, तिने आधी दुसरी ऑफर हातात ठेवावी. पण अमेरिकेतले बहुसंख्य लॅटिनो तिथेच जन्मलेले आहेत, आणि पोर्तो रिकोचे लोक तर १९१७ पासून नागरिक.

पाणपोई
इथले अनेक वाचक त्या टेबलाच्या पलीकडे, मॅनेजरच्या खुर्चीत आहेत. कॅलिफोर्नियात छळासाठी मॅनेजरवर वैयक्तिक जबाबदारी येते, फक्त कंपनीवर नाही. कॅलिब्रेशनला (मॅनेजर मिळून सगळ्यांचे रिव्ह्यू जुळवतात त्या बैठकीत) 'आक्रमक' शब्द आला की "कुठल्या मीटिंगमध्ये, नेमकं काय म्हणाली?" एवढं विचारा. उत्तर नसेल तर शेरा काढून टाका.

कातळ
हे मान्य. पण वरचं बरंचसं कॅलिफोर्नियाचं आहे. ऑस्टिनमधल्या मुलीने ते वाचून पाऊल टाकू नये : टेक्सासमध्ये राज्याकडे अशा भेदभावाच्या तक्रारीला १८० दिवसच मिळतात, जाहिरातीत रेंज देण्याची सक्ती नाही, आणि स्वतः सामील असलेलं संभाषण मात्र ती रेकॉर्ड करू शकते.