पावलीला अरमंडी चालते का?

महालकरीण
परवा आषाढीनिमित्त मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासचा कार्यक्रम झाला. शेवटी एका अभंगावर 'पावली आणि भरतनाट्यम' असं एकत्र बसवलेलं. बारा मुली, नऊवारीसारखे शिवलेले ड्रेस, पायात घुंगरू, हातात टाळ. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? पण माझी नजर टाळांवरच. ते वाजतच नव्हते! आवाज रेकॉर्डिंगचा. दुसऱ्या कडव्याला मुद्रा करायच्या म्हणून पोरींनी टाळ चक्क विंगेत नेऊन ठेवले आणि मोकळ्या हातांनी परत आल्या.

माझे वडील नागपूरजवळच्या धापेवाड्याच्या दिंडीत जायचे, त्यांच्यामागे चालत मी पावली शिकले. पावलीत दोन्ही हात टाळात अडकलेले असतात, त्यामुळे जे काय बोलायचं ते गुडघ्यांनी अन् कमरेनं. हातच मोकळे केले तर ती पावली कशी? मिसळायला माझी ना नाही. पण मग टाळ वाजवत नाचा. टाळ वाजवायचे नसतील तर पत्रिकेत 'पावली' छापू नका. तुम्हाला काय वाटतं?

अडवूवाली (धरमपेठ)
ताई, मी स्वतः क्लास घेते म्हणून जरा टोचलं. दिंडीत बघणारा कोणी नसतो, सगळेच नाचणारे. सभागृहात पंधराव्या रांगेतल्या माणसाला विठोबा दिसायचा तर हात लागतात. आणि भरतनाट्यमनं लोकांकडून काही घ्यायचंच नाही, असं कुठं आहे? तंजावरच्या आपल्याच मराठी राजांच्या, दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात (1798 ते 1832) पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या चार भावांनी आज आपण शिकवतो त्या मार्गमची, म्हणजे कार्यक्रमातल्या नाचांच्या क्रमाची, घडी बसवली. त्याच सरफोजींवरची कुरवंजी, म्हणजे तमिळ नृत्यनाटक, बृहदीश्वराच्या देवळात व्हायची. कुरवंजी हे नाव कुणावरून? डोंगरातल्या, हात बघून भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीवरून. शास्त्रीय नाचात रस्त्यावरची बाई तेव्हाच आली होती.

जुना श्रोता
दोन्ही बाजूंना माझा विरोध. ज्या पोरींची अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) अजून धड बसत नाही, त्यांच्याकडून फ्यूजन कशाला करवून घेता? आधी पाच-सात वर्षं अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, घोटू द्या. पावली बघायची तर आम्ही धापेवाड्याला जाऊ, भरतनाट्यम बघायचं तर देशपांडे सभागृहात. पुरणपोळी आणि सावजी एका ताटात वाढत नाहीत.

पाचपावलीकर
काका, सावजी मध्ये आणू नका, भूक लागते. पण ज्याला तुम्ही शुद्ध म्हणता त्याचं 'भरतनाट्यम' हे नावच मुळी 1930 च्या दशकात रूढ झालं. आधी सदिर म्हणत, नाचायच्या देवदासी. 1936 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, नाच बड्या घरच्या मुलींपर्यंत पोचला. 1947 च्या मद्रासच्या कायद्यानं देवळातलं समर्पण बंद झालं, ते योग्यच. पण नाच सभागृहात गेला आणि ज्या घरांनी तो जपला त्यातले बहुतेक जण बाहेरच राहिले. मला भीती त्याची आहे. उद्या पावलीच्याही परीक्षा निघतील आणि परीक्षक कोण असतील हे आत्ताच सांगतो.

खंजिरीवाला
पाचपावलीकर भाऊ, उद्याचं कायले म्हणता, होऊन राहिलं ना जी! आमचं भजनी मंडळ हाय. दोन वर्सांआधी एका क्लासनं बलावलं, म्हने पोरींले पावली शिकवा. आमी चार जन आठ दिवस गेलो, चहा पेऊन शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी म्हने, तुमचा ठेका कमी-जास्त होते, रेकॉर्डिंगच लावतो. अरे बाप्पा, कमी-जास्त होते म्हनूनच तं ते भजन हाय! रंग चढला का ठेका चढते, मानसं दमले का उतरते. पत्रिकेत गुरूचं नाव, तबलजीचं नाव, लाइटवाल्याचं बी नाव. आमचं नाव? 'सहकार्य : भजनी मंडळ'. मले मिसळन्याचा राग नाही. मिसळनारा आमाले पाव्हना समजते, त्याचा हाय.

अडवूवाली (धरमपेठ)
खंजिरीवाले दादा, हे वाचून वाईट वाटलं. रेकॉर्डिंग मीही लावते. जिवंत साथ परवडत नाही, हे त्याचं साधं कारण. पण नाव छापायला पैसे लागत नाहीत, हे कबूल.

सत्र-प्रेमी
आसामची सत्रिया बघा. शंकरदेवांच्या वैष्णव परंपरेतला, सत्रांमध्ये, म्हणजे तिथल्या मठांमध्ये, भिक्षूंनीच शतकानुशतकं केलेला भक्तीचा नाच. 2000 साली संगीत नाटक अकादमीनं त्याला शास्त्रीय म्हटलं. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र तर लहानपणी गोटिपुआ, म्हणजे मुलींच्या वेशात मुलं करतात तो नाच, करत. म्हणजे भक्तीचा नाच शास्त्रीय होऊ शकतो, फक्त तो नाचणाऱ्यांच्याच अंगातून वर यावा लागतो. आपल्याकडे दुसऱ्याचा नाच तीन आठवड्यांच्या तालमीत उचलतात.

जुना श्रोता
तीन आठवडे? मी पाहिलेला एक प्रयोग चार तालमींचा होता.

महालकरीण
सगळ्यांचं वाचलं. काल लेकीला वडिलांचे जुने टाळ दिले आणि म्हटलं, वाजवत नाचून दाखव. मोजणीचं काही अडलं नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, भरतनाट्यमचा आदितालही आठाचा. अडलं गुडघ्यात. अरमंडीत गुडघे बाहेर, पाठ ताठ, सगळा भार मधोमध. पावलीत भार सारखा पुढच्या पायावर जातो, मागे येतो, पाठ वाकते, टाळ गुडघ्यापर्यंत खाली जाऊन वर येतात. पोर दोनदा धडपडली. म्हणाली, "आई, अरमंडीत बसलं की मागे जाताच येत नाही गं." मग तिनंच काढलं. टाळ वाजतोय तोवर पावली, टाळ थांबला की अरमंडी. दोन्ही एकाच वेळी नाही, एकामागे एक. ठेका बदलतो तिथं तिचा पाय अजून चुकतो.

अडवूवाली ताई, हे तुम्हाला पटेल का माहीत नाही. काकांना तर नाहीच पटणार. खंजिरीवाले दादा, तुमचं मंडळ कुठं बसतं ते सांगता का? लेकीला घेऊन येते. ठेका चढतो म्हणजे काय होतं, ते तिला मोबाइलवर ऐकवून कळत नाहीये.

खंजिरीवाला
या ना जी. गुरुवारी, आठ वाजता. जागा निरोपात धाडतो. टाळ आना, घुंगरू घरीच ठेवा.

अडवूवाली (धरमपेठ)
मी आले तर चालेल का?

खंजिरीवाला
या. पन नाचा लागन.