सेकंडहँड नेक्सस की मायक्रोटिक? आधी भुसावळच्या मे महिन्यात चालवून दाखवा

रावेर_फायबर:
काल इथे एकाने लिहिलं, "मायक्रोटिकचा नेटवर्क स्विच म्हणजे खेळणं. छोट्या आयएसपीने, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याने, मुंबईहून सिस्कोचा सेकंडहँड नेक्सस ३०६४ स्विच उचलावा, दहा जीचे (सेकंदाला दहा गिगाबिट) ४८ पोर्ट, विषय संपला." काय संपला भो? माझे अकराशे कनेक्शन, चार ओएलटी (घराघरांतल्या फायबर जिथे जमतात ते डबे). जीपॉनच्या, म्हणजे ओएलटीवरच्या फायबरच्या, एका पोर्टवर खाली मिळतं अडीच जी. ४८ पोर्टांचं काय लोणचं घालू? मायक्रोटिकच्या सीआरएस३१७ ला १६ एसएफपी-प्लस (दहा जीचे पोर्ट) आहेत, पन्नास वॅटच्या आत चालतो. नेक्ससचे दीडशे वॅट धरा, महिन्याला १०८ युनिट. बिल तुम्ही भरता का?

धुळे_नॉक:
ते मीच लिहिलं होतं आणि अजून म्हणतो. शिरपूरकडच्या एका मित्राने मायक्रोटिकवर ओएलटीसाठी वेगळा ब्रिज (पोर्टांचा गट) बनवला. त्या डब्यात हार्डवेअर ऑफलोड, म्हणजे ट्रॅफिक थेट स्विच चिपमधून जाणं, एकाच ब्रिजला मिळतो, दुसऱ्याचा ट्रॅफिक सगळा सीपीयूवर. दहा जीच्या डब्यातून एक जीसुद्धा जाईना. रात्री दोनला बाइक काढून गेलो मी.

रावेर_फायबर:
म्हणजे मित्राने मॅन्युअल वाचलं नाही आणि खेळणं आमचं! एकच ब्रिज, त्यावर व्हीलॅन फिल्टरिंग (एकाच ब्रिजमध्ये ट्रॅफिक वेगळा ठेवणं). दहा मिनिटांचं काम.

भुसावळ_गच्ची:
दोघं शहाणे. तुमना गावले उन्हाया येस नही का? माझा पीओपी (नेटवर्कचा डबा ठेवायची जागा) म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. बाहेर ४५, आत हात लावू शकत नाही. सेकंडहँड स्विच घेतला तो डेटा सेंटरचा. पंखे मागून हवा ओढून पोर्टांकडून फेकणारे, आणि मी तो भिंतीवरच्या बंद कपाटात बसवला. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढायचा. दुपारी दीडला बंद, साडेपाचला जिवंत. गिऱ्हाईक म्हणे, तुमचं नेट झोपायला जातं का? शेवटी कपाटाचं दार काढलं, पत्र्याखाली थर्माकोल ठोकलं, मग टिकला. कंपनी कोणती ते विचारू नका, चूक माझी.

धुळे_नॉक:
म्हणून एसी लागतो. शिवाय नेक्ससमध्ये पॉवर सप्लाय दोन असतात.

भुसावळ_गच्ची:
दोन्हीच्या पिना एकाच इन्व्हर्टरला लावलेल्या पाहिल्यात मी. तुमच्याकडेच.

धुळे_नॉक:
तात्पुरतं होतं ते.

रावेर_फायबर:
गेल्या वर्षीपासून तात्पुरतं? 😄 आणि एसी लाइट गेल्यावर कशावर चालवता? १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा. नेक्सस आणि ओएलटी मिळून अडीचशे वॅट धरा, तीन तासांत अंधार. वादळात केळी आडवी पडते तेव्हा आमच्याकडे लाइट तीन तासांत येत नाही हो.

धुळे_नॉक:
बॅटरीवर वेगळा धागा काढा! मी स्विचबद्दल बोलत होतो.

अमळनेर_केबल:
आमच्याकडे स्विच कोणताही असो, एका काकूंच्या मुलाने जुन्या लॅन लाइनवरच्या राउटरच्या दोन पोर्टांत एकच केबल खोचली आणि अख्खी गल्ली बसली. असा फेरा पकडून पोर्ट बंद करणारं लूप प्रोटेक्ट आणि ट्रॅफिकचा पूर अडवणारं स्टॉर्म कंट्रोल चालू केलंय का कोणी? की नुसते ब्रँडवरून भांडताय?

रावेर_फायबर:
केलंय. (आत्ता.)

धुळे_नॉक:
ठीक, अकराशे कनेक्शनला तुमचं खेळणं पुरेल. माले मान्य शे. पण पाच हजार झाले की याल माझ्याकडे.

भुसावळ_गच्ची:
येताना थर्माकोल आणा.